चित्रातली पेशी आणि शरीरातली पेशी

मानवी शरीरातील पेशींविषयी प्रश्न पाठवावेत, असे गेल्या अंकात सुचवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. काही पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत, आणि आजारांविषयीचे प्रश्न असल्याने कोणाचेही नाव छापलेले नाही.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या मुलांनी गालाच्या आतील पेशींची स्लाइड स्वतः तयार केली. सूक्ष्मदर्शकातून त्यांना फिकट निळे पापुद्रे आणि प्रत्येकात एक गडद ठिपका एवढेच दिसले. "बाई, पुस्तकातल्या तंतुकणिका कुठे आहेत?" असे एका मुलीने विचारले, तेव्हा "आपला सूक्ष्मदर्शक साधा आहे" असे मी सांगितले. हे उत्तर पुरेसे आहे का?

उत्तर : आपले उत्तर खरे आहे, मात्र ते अर्धे आहे. तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग. तिची जाडी साधारण ०.५ ते १ मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि प्रकाशावर चालणारा चांगला सूक्ष्मदर्शक ०.२ मायक्रोमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगवेगळे दाखवू शकतो. म्हणजे निव्वळ आकारमानाचा विचार केला, तर तंतुकणिका दिसण्याच्या टप्प्यात येते. तरीही ती दिसत नाही, कारण ती आणि तिच्याभोवतीचे पेशीद्रव ही दोन्ही जवळजवळ सारखीच पारदर्शक असतात, आणि मुलांनी वापरलेले मिथिलिन ब्लू हे रंगद्रव्य केंद्रकाला, म्हणजे त्या गडद ठिपक्याला, जसा उठाव देते तसा तंतुकणिकेला देत नाही. चित्रात तंतुकणिकेच्या पोटात ज्या घड्या काढलेल्या असतात, त्या तर नेहमीच्या कोणत्याही प्रकाशीय सूक्ष्मदर्शकातून दिसणार नाहीत. १९५० च्या दशकाच्या आरंभी जॉर्ज पॅलेड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने त्या दाखवून दिल्या. प्रद्रव्यपटलाचीही, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाचीही, तीच गोष्ट आहे. त्याची जाडी सुमारे ७ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचे साधारण दीड लाख भाग केले तर त्यांतला एक. मुलांना पापुद्र्याची जी कड दिसली ते पटल नव्हे, तर पेशी संपते आणि पाणी सुरू होते त्या जागी प्रकाश किंचित वळतो, त्याची ती रेघ आहे.

दुसरे कारण खुद्द गालाच्या पेशीत आहे. टूथपिकने हलकेच खरवडल्यावर ज्या पेशी सुटून येतात, त्या अस्तराच्या सर्वांत वरच्या थरातील, आयुष्याच्या अखेरीला आलेल्या असतात. खालच्या थरात जन्मून, वर ढकलल्या जाऊन, चपट्या होत होत त्या येथवर पोहोचतात आणि वाटेत त्यांची बरीचशी अंगके (तंतुकणिकेसारखे आतले भाग) नाहीशी झालेली असतात. मुलांना पुन्हा एकदा स्लाइड पाहायला लावावी. पन्नास-साठ मायक्रोमीटर रुंदीचे ते पापुद्रे मोडलेल्या पापडाच्या तुकड्यांसारखे एकमेकांवर चढलेले दिसतील, कुठे एखाद्याची कड दुमडलेली असेल, आणि मोठे भिंग लावून नीट पाहिले तर पापुद्र्यांवर बारीक निळे ठिपके विखुरलेले आढळतील. ते ठिपके मुलांच्या पेशींचे नाहीत. ते तोंडात वस्तीला असलेले जिवाणू आहेत.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पुस्तकातील ती पेशी, म्हणजे मधोमध केंद्रक, बाजूला गॉल्गी संकुल, चार तंतुकणिका आणि दोन लयकारिका असा नीटनेटका गोल, कोणाच्याही शरीरात तशीच्या तशी सापडत नाही. ते चित्र म्हणजे निरनिराळ्या पेशींमधील भागांचे एका पानावर भरवलेले प्रदर्शन आहे. तांबड्या रक्तपेशीत केंद्रकही नसते आणि तंतुकणिकाही नसतात. यकृताच्या एका पेशीत तंतुकणिकांची संख्या हजाराच्या घरात असते आणि काही यकृतपेशींमध्ये दोन केंद्रके असतात. मांडीच्या स्नायूतील एकेक तंतू ही कित्येक सेंटिमीटर लांबीची एकच पेशी असून तिच्या कडेने शेकडो केंद्रके मांडलेली असतात. कमरेजवळच्या मज्जारज्जूतून निघून पावलाच्या स्नायूपर्यंत पोहोचणारी चेतापेशी सुमारे एक मीटर लांब असते. रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे तयार करणारी पेशी आंतर्द्रव्यजालिकेने, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या पटलांच्या जाळ्याने, इतकी गच्च भरलेली असते की तिचे केंद्रक एका कडेला सरकून बसते. सेकंदाला हजारोंच्या संख्येने प्रथिने बाहेर पाठवायची, तर कारखान्याला जागा लागणारच. म्हणून "पेशीत काय काय असते?" या प्रश्नाआधी "ही पेशी कोणते काम करते?" हा प्रश्न मुलांना विचारावा, असे मला वाटते. काम कळले की आत काय जास्त असेल आणि काय नसेल, हे नववीतली मुले स्वतःच सांगू लागतात.

त्या मुलीला आणखी एक हकिकत जरूर सांगावी. लयकारिकेचा, म्हणजे पेशीतील टाकाऊ भाग पचवणाऱ्या अंगकाचा, शोध ती डोळ्यांनी पाहून लागलेला नाही. १९४९ साली बेल्जियममधील लूव्हाँ येथे ख्रिश्चन द द्यूव्ह आणि त्यांचे सहकारी उंदराच्या यकृताचा अर्क काढून त्यातील एका विकराचे (एन्झाइमचे) मोजमाप करत होते. ताज्या अर्कात ते विकर अपेक्षेहून फारच कमी भरले. पाच दिवस शीतकपाटात ठेवलेला तोच अर्क पुन्हा मोजला, तर विकराची क्रिया कितीतरी पटींनी वाढलेली! अर्कात बाहेरून काही मिसळले नव्हते. मग हे विकर आधी कुठल्यातरी पिशवीत बंद असले पाहिजे आणि दरम्यानच्या काळात ती पिशवी फुटली असली पाहिजे, असा तर्क त्यांनी केला. १९५५ साली त्या पिशवीला नाव मिळाले आणि १९७४ साली द द्यूव्ह, पॅलेड व अल्बर्ट क्लॉद यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीतील टाकाऊ भाग पचवणारी ही विकरे लयकारिकेच्या आतील आम्लधर्मी वातावरणातच नीट चालतात, त्यामुळे एखादी पिशवी फुटली तरी बाहेरच्या पेशीद्रवात ती बऱ्याच अंशी निष्प्रभ ठरतात. आपल्या मुलांना तंतुकणिका दिसल्या नाहीत याचे फार वाईट वाटून घेऊ नये.

प्रश्न : डेंग्यूच्या साथीत "पेशी कमी झाल्या", "पेशी चढवल्या" असे सर्रास ऐकू येते. या नेमक्या कोणत्या पेशी?

उत्तर : बोलण्यात ज्यांना "पेशी" म्हटले जाते त्या रक्तबिंबिका, म्हणजेच प्लेटलेट होत, आणि गंमत अशी की त्या पूर्ण पेशीच नव्हेत. अस्थिमज्जेत ५० ते १०० मायक्रोमीटर व्यासाच्या काही अवाढव्य पेशी असतात. त्या आपल्या पेशीद्रवाचे लांब फाटे मज्जेतील रक्तवाहिन्यांमध्ये सोडतात आणि वाहत्या रक्ताच्या ओढीने त्या फाट्यांचे तुकडे सुटून रक्तात मिसळतात. एका मोठ्या पेशीपासून असे हजारो तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला स्वतःचे पटल आणि रक्त गोठवण्याची सामग्री असते, पण केंद्रक नसते, आणि त्याचे आयुष्य ८ ते १० दिवसांचे असते. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्यांची संख्या दीड लाख ते साडेचार लाख असते.

डेंग्यूमध्ये त्या कमी होतात हे खरे. पांढऱ्या पेशीही कमी होतात. घरातल्या मंडळींचे सारे लक्ष या एका आकड्याकडे लागलेले असते, परंतु गंभीर डेंग्यूतील मुख्य धोका असतो तो केशवाहिन्यांच्या भिंतींतून रक्तद्रव पाझरण्याचा, आणि म्हणून डॉक्टर हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण), रक्तदाब व लघवीचे प्रमाण यांवरही लक्ष ठेवतात. ताप उतरल्यानंतर काही दिवसांत रक्तबिंबिकांची संख्या बहुधा आपोआप वर येते. त्या दिवसांत घरातून जो काही पाला, रस वा काढा दिला गेला असेल, त्याला मग श्रेय मिळून जाते.

जाता जाता शब्दाविषयी. हिंदीत "पेशी" म्हणजे स्नायू आणि मराठीतल्या पेशीला तेथे "कोशिका" म्हणतात. शिवाय हिंदीतला "स्नायु" हा शब्द मज्जातंतूंसाठी येतो. हिंदी पुस्तकावरून मराठी टिपणे काढणाऱ्या विद्यार्थ्यांनी येथे हमखास सांभाळावे.

प्रश्न : दर सात वर्षांनी शरीरातील सर्व पेशी बदलतात आणि माणूस संपूर्ण नवा होतो, असे एका व्याख्यानात ऐकले. मग माझ्या आजीच्या कपाळावरचे आणि हातावरचे गोंदण साठ वर्षे जसेच्या तसे कसे राहिले?

उत्तर : आपल्या आजीच्या गोंदणाने त्या व्याख्यात्यांना बरोबर अडवले आहे. सात वर्षांचा हिशोब शरीरातील कोणत्याही एका नियमाला धरून नाही. आतड्याच्या आतील अस्तराच्या पेशी ३ ते ५ दिवसांत बदलतात, त्वचेचा सर्वांत वरचा थर साधारण महिनाभरात नवा होतो, तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते, आणि मेंदूच्या बाह्यकातील, म्हणजे बाहेरच्या थरातील, चेतापेशी मात्र माणसाच्या जन्माच्या सुमाराच्याच असतात. त्या आयुष्यभर सोबत करतात.

हे ठरवले कसे, ते विलक्षण आहे. १९५० च्या दशकात आणि १९६० च्या आरंभी वातावरणात झालेल्या अणुस्फोट-चाचण्यांमुळे हवेतील कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले, आणि १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर ते वर्षागणिक उतरत गेले. हा कार्बन वनस्पतींत जातो, वनस्पतींतून अन्नात आणि अन्नातून आपल्या शरीरात येतो. पेशीच्या इतर घटकांची देवाणघेवाण चालू राहते, पण डीएनए एकदा तयार झाला की त्यातील कार्बन बहुतांशी तसाच राहतो. म्हणून डीएनएमधील कार्बन-१४ मोजले की ती पेशी कोणत्या सुमारास जन्मली, हे सांगता येते. स्टॉकहोममधील कॅरोलिन्स्का संस्थेत योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००५ पासून ही पद्धत वापरली. बॉम्बच्या धुराळ्याने माणसांच्या हृदयावर जन्मतारीख लिहून ठेवली, असेच म्हणायचे. हृदयाच्या स्नायुपेशी वयाच्या पंचविसाव्या वर्षी वर्षाला सुमारे १ टक्का या वेगाने बदलतात आणि पंचाहत्तरीत हा वेग ०.४५ टक्क्यावर येतो. म्हणजे दीर्घायुषी माणसाच्याही हृदयातील निम्म्याहून अधिक स्नायुपेशी जन्मापासूनच्याच असतात. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी नवा स्नायू येण्याऐवजी व्रण का राहतो, ते यावरून ध्यानात येईल. मेदपेशी वर्षाला सुमारे १० टक्के बदलतात, तरी प्रौढ वयात त्यांची एकूण संख्या जवळपास स्थिर राहते. वजन उतरते तेव्हा त्या पेशी संख्येने घटत नाहीत, आतला मेद गेल्याने त्या बारीक होतात.

"सरासरी" काढण्यातली चलाखीही येथे लक्षात घ्यावी. ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात, असा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे, आणि त्यांपैकी ८४ टक्के केवळ तांबड्या रक्तपेशी आहेत. रोज बदलणाऱ्या पेशींची संख्या सुमारे ३३ हजार कोटी भरते, पण त्यांतील बहुसंख्य रक्तातील आणि उरलेल्यांतील बहुतेक आतड्याच्या अस्तरातील असतात. नुसती डोकी मोजली तर शरीर झपाट्याने नवे होताना दिसते. वजन मोजले तर चित्र पालटते, कारण पेशींच्या वजनाचा मोठा वाटा स्नायू आणि मेद यांचा असतो आणि ते सावकाश बदलतात.

आता गोंदण. गोंदणाची सुई वरचा थर ओलांडून त्याखालच्या जाड थरात, अंतस्त्वचेत, रंग सोडते. त्यामुळे दर महिन्याला झडून जाणाऱ्या वरच्या थराशी त्या रंगाचा संबंध उरत नाही. तेथील भक्षकपेशी परकी वस्तू म्हणून रंगाचे कण गिळतात, मात्र ते त्यांना पचत नाहीत. पूर्वी असे मानले जाई की त्याच पेशी वर्षानुवर्षे जिवंत राहून रंग सांभाळतात. २०१८ साली फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिले की रंग गिळलेली भक्षकपेशी मरते, तिच्यातले कण मोकळे होतात आणि तिच्या जागी आलेली नवी भक्षकपेशी ते तिथल्या तिथे पुन्हा गिळते. हेच माणसातही घडत असेल, तर आजींच्या हातावरचे तुळशीवृंदावन या साठ वर्षांत अनेकदा एका पेशीच्या पोटातून दुसरीच्या पोटात गेले असणार. त्याच्या कडा जरा फिसकटल्या असतील, रंग काळ्याचा हिरवट-निळा झाला असेल. "जसेच्या तसे" या शब्दांवर माझा तेवढाच आक्षेप आहे.

प्रश्न : मी डोंबिवलीचा, वय ६७, मधुमेही. एचबीए१सी या एका तपासणीतून मागच्या तीन महिन्यांची साखर कशी कळते? तपासणीआधी आठवडाभर पथ्य पाळले, तर आकडा सुधारतो का?

उत्तर : तांबडी रक्तपेशी तयार होत असताना अस्थिमज्जेतच आपले केंद्रक बाहेर टाकते, आणि जवळची भक्षकपेशी ते गिळून टाकते. केंद्रक गेल्यामुळे हिमोग्लोबिन भरायला जागा मिळते, शिवाय दोन्ही बाजूंनी खोलगट अशा बशीचा लवचीक आकार घेता येतो. पण त्याची किंमतही मोजावी लागते. रक्तात उतरून पूर्णपणे पिकलेली ही पेशी कोणतेही नवे प्रथिन तयार करू शकत नाही. तिच्याजवळचे हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू हीच तिची जन्माची शिदोरी. रक्तातील ग्लुकोज पेशीत सहज शिरते आणि विकराच्या मदतीवाचून यांतील काही रेणूंना कायमचे चिकटते. साखर जितकी जास्त, तितके चिकटलेले रेणू जास्त. पेशी सुमारे १२० दिवसांनी ताठर होते, प्लीहेतील अरुंद फटींतून तिला निसटता येत नाही आणि तेथील भक्षकपेशी तिला मोडीत काढतात. तिच्या जागा भरण्यासाठी मज्जा दर सेकंदाला २० लाखांहून अधिक नव्या पेशी सोडत असते. त्यामुळे कोणत्याही दिवशी काढलेल्या रक्तात कालच्या, महिन्याभरापूर्वीच्या आणि तीन महिन्यांपूर्वीच्या पेशींची सरमिसळ असते, आणि एचबीए१सी त्या साऱ्यांची एकत्रित नोंद वाचते.

आठवडाभर श्रीखंड-पुरी सोडल्याने आकडा किंचित हलेल, फारसा नाही. अलीकडच्या महिन्याचे वजन त्यात सर्वाधिक, जवळपास निम्मे असते, म्हणून खरा बदल दिसायला महिना-दोन महिने लागतात. रक्तपेशी नेहमीपेक्षा लवकर मोडत असतील किंवा नुकतेच रक्त चढवले असेल, तर हा आकडा फसवा ठरतो, आणि लोहाच्या कमतरतेत तो विनाकारण वाढलेला दिसू शकतो; अशी काही पार्श्वभूमी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यातील, वय २४. तपासणी शिबिरात मी सिकलसेलची वाहक, "एएस", असल्याचे कळले. मला कसलाही त्रास नाही. माझ्या रक्तपेशी सदोष आहेत का, आणि मी लग्न करू नये का?

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो : लग्न अवश्य करावे, फक्त जोडीदाराची तपासणी आधी करून घ्यावी.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की सिकल हिमोग्लोबिन तयार होते. केंब्रिज येथे व्हर्नन इनग्राम यांनी १९५७ साली हे दाखवले. जनुकात यासाठी एका अक्षराचा फरक पुरतो. असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडून मोकळे झाले की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब, ताठ धागे बनतात आणि आतून ताणली गेलेली पेशी विळ्यासारखी वाकते. एरवी ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाची तांबडी पेशी तिच्याहून अरुंद केशवाहिनीतून अंग दुमडून निघून जाते. विळ्याच्या आकाराची ताठर पेशी तेथे अडकते, मागचा प्रवाह तुंबतो आणि हाडांत, सांध्यांत, पोटात असह्य कळा येतात. शिवाय या पेशी १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसच टिकतात, म्हणून रक्तक्षय मागे लागतो. दोन्ही पालकांकडून हे जनुक आलेल्या "एसएस" व्यक्तीची ही अवस्था असते.

आपल्याकडे एक जनुक सिकलचे आणि एक सर्वसामान्य आहे. आपल्या प्रत्येक तांबड्या पेशीत दोन्ही हिमोग्लोबिने आहेत आणि सर्वसामान्य हिमोग्लोबिनाचा वाटा निम्म्याहून अधिक असल्याने एरवी धागे बनत नाहीत. फार मोठ्या उंचीवर किंवा शरीरातील पाणी कमालीचे घटले असताना जपावे, एवढेच. उलट, फॅल्सिपॅरम मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून वाहकांना बरेच संरक्षण मिळते, आणि पूर्व विदर्भात, मेळघाटात, नंदुरबारकडे, म्हणजे मलेरियाचा उपद्रव पूर्वापार असलेल्या भागांत, हे जनुक टिकून राहण्यामागे तेच कारण मानले जाते. म्हणून "सदोष" हा शब्द मी तरी वापरणार नाही.

जोडीदारही वाहक असेल, तर प्रत्येक गर्भारपणात मूल "एसएस" असण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्या वेळी ती कमी होत नाही. अशा जोडप्यांना पहिल्या तिमाहीच्या अखेरीस गर्भाची तपासणी करून घेता येते. जोडीदाराकडे दोन्ही जनुके सर्वसामान्य असतील, तर मुले फार तर आपल्यासारखी वाहक होतील.

तपासणीविषयी एक सूचना. शिबिरांत बहुधा विद्राव्यता चाचणी करतात. ती सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच सांगते, वाहक कोण आणि रुग्ण कोण हे तिला कळत नाही. आपल्या अहवालावर "एएस" असे स्पष्ट लिहिलेले असल्यास बहुधा पुढची तपासणी झालेली असावी, तरी खात्री करून घ्यावी. जोडीदाराची मात्र थेट इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून दाखवणारी, तपासणी करावी. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींच्या तपासणीवर भर असल्याने आपल्या भागातील सरकारी दवाखान्यात त्याची चौकशी करता येईल. या तपासणीत बीटा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिनची बीटा साखळी कमी तयार होण्याच्या आनुवंशिक आजाराचा) वाहकही ओळखू येतो, आणि ते पाहणे आपल्या बाबतीत गरजेचे आहे, कारण एकाकडून सिकलचे आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचे जनुक आलेल्या मुलालाही "एसएस"सारखाच त्रास होऊ शकतो.